रविवारचे गिऱ्हाईक

‘अमुक व्यापारी संस्था आपला विस्तार करणार असून त्यायोगे इतक्या लक्ष माणसांस काम मिळणार आहे’, ह्या धाटणीची बातमी हल्ली पंधरवड्यातून एकदा तरी वाचनात येते. अशी बातमी वाचताना आम्ही दोन गोष्टी न चुकता करतो. प्रथम आकड्यातील शून्ये मोजतो, आणि नंतर ‘मिळणार’ ह्या क्रियापदाखाली मनातल्या मनात एक रेघ ओढतो. पाऊस पडणार, मुलीस स्थळ मिळणार, रस्ता रुंद होणार आणि नोकऱ्या निर्माण होणार, ही सारी एकाच गोत्राची क्रियापदे असून त्यांपैकी कोणते फळास येईल हे पंचांगकर्त्यासही सांगता येणार नाही. असे असूनही २०२५ साली आलेली अशी एक बातमी आम्ही कापून ठेवली. क्रीडासाहित्य विकणाऱ्या डेकॅथलॉन ह्या फ्रेंच संस्थेने आपल्या देशातून घ्यावयाच्या मालाची किंमत २०३० पर्यंत ३ अब्ज डॉलरांवर नेण्याचा मनोदय प्रकट केला, आणि त्यातून प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष मिळून ३ लक्षांहून अधिक कामे उभी राहतील असे सांगितले. बातमी कापून ठेवण्याचे कारण एवढेच की, ‘खेळ’ आणि ‘पोट’ हे दोन शब्द तीत एकमेकांशेजारी अगदी सलोख्याने बसले होते. आमच्यासारख्यांच्या घरांतून ते दोन शब्द असे शेजारी बसलेले आम्ही फारसे पाहिलेले नाहीत.

‘खेळून काय पोट भरणार आहे?’ हा प्रश्न बालपणी ज्याने ऐकला नाही असा सुशिक्षित मराठी मनुष्य विरळा. प्रश्न वडिलांनी विचारावा, आईने जेवणाच्या पानावर त्याचा अनुवाद करावा, आणि वार्षिक परीक्षेच्या सुमारास मास्तरांनी त्यावर शिक्कामोर्तब करावे, असा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला. व्यायामास कोणाचा विरोध नव्हता. सूर्यनमस्कार पहाटे घालावे, आंघोळ करावी आणि पुस्तक उघडावे. आक्षेप होता तो मैदानावर रेंगाळण्यास. ह्या प्रश्नाचे उत्तर एखाद्या दुकानाने द्यावे, ही कल्पना आमच्या वडिलांस मुळीच मानवली नसती.

दुकानाचा पूर्ववृत्तांत थोडक्यात असा. १९७६ साली उत्तर फ्रान्समधील लील ह्या शहराजवळ मिशेल लक्लेर्क ह्या गृहस्थाने एक मोठी कोठारवजा जागा घेऊन तीत सर्व खेळांचे साहित्य एकाच छपराखाली मांडले. तोपर्यंत पोहणाऱ्याने एका दुकानात, सायकलवाल्याने दुसऱ्यात आणि नेमबाजाने तिसऱ्यात जावे अशी वहिवाट होती. दहा स्पर्धा मिळून होणाऱ्या मैदानी प्रकाराचे नाव त्यांनी दुकानास दिले, ते ह्याच हेतूने. आपल्या देशातून हे लोक माल शिवून व घडवून नेत असत ते येथे दुकान निघण्याच्या कितीतरी आधीपासून. दुकान मात्र बंगळूर येथे २००९ साली निघाले, आणि तेही प्रथम घाऊक व्यापाराच्या नावाने, कारण परकीय संस्थेने एकट्याच्या मालकीचे किरकोळ दुकान चालविण्यास त्या वेळी कायद्याची मोकळीक नव्हती. ती मोकळीक एकाच छापाचा माल विकणारांपुरती २०१२ साली मिळाली, आणि २०१३ मध्ये ह्या संस्थेस परवाना लाभला. मोकळिकीबरोबर एक अट होती. विकावयाच्या मालापैकी किंमतीने शेकडा ३० इतका माल येथूनच घेतला पाहिजे. पुढे २०२४ साली संस्थेने आणखी १० कोटी युरो पाच वर्षांत येथे गुंतविण्याचे जाहीर केले. आता शंभरांहून अधिक दुकाने झाली असून सह्याद्रीतील कोणत्याही गडाच्या वाटेवर रविवारी उभे राहिल्यास त्या दुकानातील पाठपिशव्यांची मिरवणूकच चाललेली दिसते. राजगडाच्या पायऱ्यांनी इतक्या एकसारख्या पिशव्या पूर्वी कधी पाहिल्या नसतील.

३ लक्षांच्या आकड्यातील फार थोडी माणसे ह्या दुकानांत उभी राहणार आहेत, हे मात्र बातमी वाचणाराने विसरू नये. एका दुकानात माणसे लागून लागून किती लागणार? आकड्याचे वजन आहे ते ‘अप्रत्यक्ष’ ह्या शब्दात. आणि तो शब्द कोठे राहतो हे पाहू गेल्यास आपणांस शहरातील दिव्यांच्या झगमगाटातून निघून मेरठ, जालंदर, काश्मीरमधील संगम आणि हावड्याजवळचे उलुबेरिया अशा गावी जावे लागते. ह्या गावांची कथा १९४७ पासून सुरू होते. फाळणीपूर्वी बॅट, चेंडू व हॉकीच्या काठ्या बनविण्याचे माहेरघर सियालकोट होते. ते शहर सीमेपलीकडे गेले, आणि तेथील पुष्कळसे हिंदू कारखानदार व कारागीर हत्यारे पाठीवर बांधून इकडे आले. कोणी जालंदरच्या वस्त्यांत वसले, कोणी मेरठास. आज क्रिकेटच्या जगात ज्यांची बॅट सर्वत्र ओळखली जाते ती मेरठची एस्. जी. ही पेढी सियालकोटास १९३१ साली निघाली होती. संगमच्या रस्त्यालगत विलोच्या फळ्यांच्या चळती सुकत ठेवलेल्या असतात, आणि उलुबेरियाच्या घराघरांतून बदकाची पिसे निवडून बॅडमिंटनची फुले बांधली जातात. एक फूल बांधावयास सोळा पिसे, आणि ती सर्व एकाच बाजूस झुकणारी हवीत. नायलॉनचे फूल आले तेव्हा ह्या निवडणाऱ्या बोटांचे काय झाले, हा हिशेब कोणत्याही विस्ताराच्या बातमीत येत नाही.

चेंडूचेही तसेच आहे. जुना फुटबॉल बत्तीस तुकड्यांचा, वीस षट्कोणी व बारा पंचकोणी. मेरठजवळ सिसोला नावाचे गाव आहे. तेथे घरातील स्त्रिया दोन गुडघ्यांत चिमटा धरून हे तुकडे दोन सुयांनी शिवतात. सराईत हातासही एका चेंडूस दोनतीन तास लागतात, आणि मजुरी चेंडूमागे मिळते, दिवसामागे नव्हे. ह्या कामात मुलांचे हात राबतात अशी ओरड १९९० नंतर जगभर झाली. सियालकोटच्या कारखान्यांसाठी १९९७ साली अटलांटा येथे करार झाला, आणि इकडे जालंदरच्या कारखानदारांनीही पुढच्या वर्षी देखरेखीची संस्था उभारली. ओरड योग्यच होती. पण चेंडू शिवण्याचे काम मुलांच्या हातून सुटण्यास केवळ करार कारण झाले नाहीत. उष्णतेने सांधे चिकटविणारी यंत्रेही झाली. २००६ च्या विश्वचषकात शिवणीवाचूनचा चेंडू प्रथम खेळविला गेला आणि तेव्हापासून वरच्या दर्जाच्या सामन्यांतून सुई हद्दपार झाली. स्वस्त चेंडू अजून शिवले जातात. म्हणजे मोठ्या दुकानाने अधिक चेंडू मागितले की सिसोल्यातील सुईस काम मिळेलच असे नाही; एखाद्या नव्या यंत्राजवळ उभ्या असलेल्या चार माणसांस ते मिळेल. ही चार माणसे पगारी असतील, त्यांस भविष्यनिर्वाह निधी असेल, आणि त्यांत स्त्री असलीच तर तिला घराबाहेर पडून आठ तास जावे लागेल. ह्यात काय मिळाले आणि काय गेले, हे एका आकड्याने सांगता येत नाही. शिवणाऱ्या बाईला विचारले तर ती काय सांगेल ह्याविषयी आम्ही अंदाज करू नये हे बरे; चेंडूमागे मिळणाऱ्या पैशांबद्दल तिला ममत्व असेल असे मात्र वाटत नाही.

आता प्रत्यक्ष दुकानाकडे वळू. मुंबईस मेट्रो सिनेमापासून धोबी तलावापर्यंत क्रीडासाहित्याच्या दुकानांची एक रांग आहे. समोर आझाद मैदान, मागे गिरगाव, आणि पदपथावर बॅटी टेकवून उभी असलेली मुले, असे हे दृश्य ज्याने पाहिले त्याला तेथील वास आठवेल. जवसाचे तेल, नवे कातडे, रबर. ह्या दुकानांतून मालक गल्ल्यावर बसे, दोन गुमास्ते वरून खोकी काढून देत, आणि पोटमाळ्यावर एक कारागीर बॅटीच्या मुठीस दोरा गुंडाळीत किंवा रॅकेटची तात ओढीत असे. मुलाने मागितलेली बॅट मालक सहसा देत नसे. ‘तुझ्या उंचीला ही जड होईल, ती घे’, असे सांगून तो स्वस्तातली देई, आणि पुढील दहा वर्षांचे गिऱ्हाईक बांधून ठेवी. नव्या कोठारांनी ही दुकाने बुडविली अशी हाकाटी आम्ही करणार नाही. काही बंद झाली, काही चालू आहेत; शाळांच्या व मंडळांच्या मोठ्या मागण्या, करंडक, ढाली ह्यांचा धंदा अजून त्यांच्याकडेच जातो. नव्या दुकानांतही सायकल दुरुस्त करणारा व तात ओढणारा असतो. फरक असा की, जुन्या दुकानात कामास लागलेला पोऱ्या वीस वर्षांनी स्वतःचे दुकान टाकू शकत असे. नव्या दुकानात कामास लागलेल्या पदवीधरास बढती मिळेल, दुसऱ्या शहरी बदली मिळेल, पण दुकान टाकता येणार नाही. तेवढे भांडवल आणि तेवढी जागा एकट्या माणसाच्या आवाक्यातील उरलेली नाही.

येथे एक गमतीची गोष्ट ध्यानात येते. आपल्या देशी खेळांनी रोजगाराच्या ह्या सर्व खटाटोपात काडीचीही मदत केलेली नाही. खो-खोस दोन खांब व चिमूटभर फक्की लागते. हुतूतूस तर खांबही नकोत. लंगडीस एक पाय पुरतो, आणि दुसरा उचलून धरावा लागतो. सूर्यनमस्कारास एक चटई, तीही ऐच्छिक. ज्या खेळास काही लागत नाही, त्याचे दुकान निघत नाही. ज्याचे दुकान निघत नाही, त्यापायी कोणास नोकरी लागत नाही. आमच्या पूर्वजांनी काटकसर इतकी केली की, त्यांच्या खेळांवर कोणाचा संसार चालू शकला नाही. अलीकडे कबड्डी गादीवर गेली आणि तिने बूट मागावयास प्रारंभ केला, तेव्हा कोठे व्यापाऱ्यांची नजर तिच्याकडे वळली. योगाची चटईही आता रंगीत होऊन खोक्यांत बसली आहे.

हे सर्व मनात घोळण्यास आमच्या शेजारच्या घरातील धाकटा मुलगा कारण झाला. तो खो-खो खेळतो. जिल्ह्याच्या संघातून दोन वर्षे खेळला. वाणिज्य शाखेची पदवी दुसऱ्या वर्गात मिळविली. आणि त्यानंतर सव्वा वर्ष अर्ज करीत बसला. प्रत्येक अर्जात ‘इतर गुण’ ह्या सदराखाली खो-खो एका ओळीत बसत असे, आणि त्या ओळीकडे कोणी पाहिल्याचे त्याला स्मरत नाही. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीस खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि आपले पुरुष व महिला असे दोन्ही संघ जिंकले. दोन्ही संघांचे नेतृत्व मराठी खेळाडूंकडे होते. त्या आठवड्यात वाड्यातील सर्वांनी त्याचे अभिनंदन केले, जणू तोच जिंकून आला होता; अर्जांस उत्तरे मात्र पूर्वीसारखीच येत राहिली. अखेर शहराबाहेरच्या हमरस्त्यावर क्रीडासाहित्याचे एक विस्तीर्ण दुकान निघाले, कोणाचे हे सांगण्याचे प्रयोजन नाही, आणि तेथे त्याची मुलाखत झाली. परत आला तो थेट आमच्या ओट्यावर. म्हणाला, “काका, तिथे पहिला प्रश्न हाच विचारला, की कोणता खेळ खेळतोस, आणि शेवटचा सामना कधी खेळलास.”

त्याच्या स्वरातील आश्चर्य आम्ही विसरणार नाही. ज्या गोष्टीने सव्वा वर्ष त्याची गाडी अडवून धरली असे घरात मानले जात होते, तिनेच फाटक उघडले होते. त्याला धावण्याच्या बुटांच्या विभागात नेमले. त्याच्या खेळाचे साहित्य त्या एवढ्या मोठ्या दुकानात गुडघ्याच्या पट्ट्यापलीकडे काही नव्हते, पण खो-खोवाल्यास पायांची पारख असते हे व्यवस्थापकाने ओळखले असावे. आम्ही एकदा चालावयाचे बूट घ्यावयास तेथे गेलो. त्याने आम्हांस बूट दाखविण्याआधी दहा पावले चालावयास लावले, खाली बसून पाहिले आणि डावे पाऊल बाहेरच्या कडेवर पडते असे सांगितले. लग्नात सासरेबुवांनी पाय धुतले त्यानंतर आमच्या पायांकडे इतक्या आदराने कोणी पाहिले नव्हते. शिवाय त्याने दिलेला जोड दुकानातील सर्वांत महाग नव्हता. धोबी तलावाच्या मालकाची परंपरा अशी वेष पालटून पुढे चालली आहे हे पाहून आम्हांस बरे वाटले.

अडचण निघाली ती रविवारची. खेळाचे साहित्य लोक केव्हा विकत घेतात? कचेरी सुटल्यावर आणि रविवारी. खेळ केव्हा खेळला जातो? कचेरी सुटल्यावर आणि रविवारी. म्हणजे ज्या वेळी ह्या मुलाने मैदानावर असावे, नेमक्या त्याच वेळी तो दुकानात हवा. जुन्या १९४८ च्या गुमास्ता कायद्याने दुकानास आठवड्यातून एक दिवस कुलूप लावणे भाग होते. २०१७ च्या कायद्याने दुकान बारा महिने तेरा काळ उघडे ठेवण्याची मुभा दिली, मात्र प्रत्येक कामगारास आठवड्यातून एक दिवस पाळीने सुटी द्यावी असे सांगितले. सुटी मिळतेच, ती मंगळवारी मिळते. मंगळवारी मैदानावर खांब असतात, फक्कीच्या रेषा असतात आणि उरलेले आठ गडी आपापल्या कामावर असतात. खो-खो एकट्याने खेळता येत नाही. ज्याच्या खेळामुळे त्याला कामावर घेतले, तो खेळ त्या कामाने सहा महिन्यांत अर्ध्यावर आणला. ह्यात लबाडी कोणाचीच नाही. गिऱ्हाईक रविवारी येते, एवढेच.

पूर्वी खेळाडूस चाकरी देणाऱ्यांची रीत निराळी होती. मुंबईच्या टाइम्स शील्ड सामन्यांसाठी बँका, गिरण्या व मोठ्या कंपन्या चांगले क्रिकेटवाले आपल्या नोकरीत घेत. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते. बँकेस फलंदाजाचा हिशेबात काय उपयोग, असे कोणी विचारीत नसे. नाव बँकेचे होई, आणि खेळाडूस सामन्यासाठी रजा मिळे. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले आणि १९५५ मध्ये पोलीस खात्यात फौजदार झाले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसळे २०१५ पासून मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. २०२४ साली पॅरिसहून त्याने पदक आणले. महाराष्ट्र शासनानेही २००५ पासून आपल्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी शेकडा ५ जागा राखल्या आहेत. ह्या नोकऱ्यांत खेळाचा कामाशी संबंध नव्हता. खेळासाठी काम मागे सरत असे. नव्या दुकानात खेळाचा कामाशी अगदी रक्ताचा संबंध आहे, आणि म्हणूनच मागे सरावयाचे कोणी हा प्रश्न उभा राहतो. शिवाय जुन्या रीतीने फार थोड्यांचे भले झाले, हेही खरे. पदकापर्यंत न पोहोचलेला, जिल्ह्याच्या पायरीवर थांबलेला खेळाडू कोणत्याही बँकेस नको होता. तोच ह्या दुकानास हवा आहे. असे खेळाडू गावोगाव शेकड्यांनी आहेत, आणि त्यांच्यापुरते बोलावयाचे तर हमरस्त्यावरचे हे कोठार गिरण्यांच्या दिवाणखान्यांपेक्षा अधिक उदार निघाले.

गेल्या माघात ह्या मुलाच्या संघाचे सामने परगावी होते. उपान्त्य सामना शनिवारी, अंतिम रविवारी. दिवाळीतील दोन्ही सुट्यांच्या दिवशी त्याने काम केले होते. त्या बोलीवर त्याला शनिवार मिळाला. संघ जिंकला. रात्रीच्या एस. टी. ने तो परत आला आणि रविवारी दहा वाजता बुटांच्या विभागात उभा राहिला. अंतिम सामन्यातील गुण त्याला दुपारी दूरध्वनीवर कळत होते, संघ हरला. त्याची आई संध्याकाळी आमच्याकडे येऊन म्हणाली, “भावोजी, नोकरी सोडतो म्हणतोय. तुम्ही सांगा त्याला चार गोष्टी.” आम्ही म्हटले, “वहिनी, चार गोष्टी आम्हांसही ठाऊक नाहीत. पण नोकरी सोडण्यापूर्वी त्याने साहेबांशी बोलावे.”

तो बोलला. व्यवस्थापक स्वतः एके काळचा व्हॉलीबॉलपटू. त्याने ऐकून घेतले आणि आठवड्याभराने एक तक्ता भिंतीवर लावला. जे कोणत्याही संघातून नियमाने खेळतात, त्यांस महिन्यातून एक रविवार पाळीने मोकळा, आणि सामने असल्यास दोन. मुलाने तक्त्याचे छायाचित्र काढून आम्हांस पाठविले. त्याखाली त्याच दिवशी कोणीतरी पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या होत्या, त्याही छायाचित्रात आल्या. गल्ल्यावरच्या मुलीचे ते अक्षर, असे त्याने सांगितले. ती कोणताही खेळ खेळत नाही, तिला तीन वर्षांची मुलगी आहे, आणि तिने विचारले आहे की, मुलीला बागेत न्यावयाचे असेल तर ते ह्या तक्त्यात कोणत्या खेळाखाली धरावे. पुढच्या महिन्याचा तक्ता अजून लागलेला नाही.